तलावाला ताप आहे

गरम पाणी मोरीत ओतायचं नाही, ही त्या घरात भाड्याने राहण्याची पहिली अट होती. बाकीच्या अटी कुठल्याही घरमालकाच्या असतात तशा: फाटक लावून घ्या, पाहुणे येणार असतील तर आधी सांगा, भिंतीत खिळे ठोकू नका. पहिलीचा अर्थ मला लागला नाही, म्हणून ती वहीत लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला वह्या ठेवायची सवय आहे. ग्रामसेवकाच्या नोकरीत ती उपयोगी पडते, आणि घरातही भाजी, औषधं, गॅस, कोणाला काय परत द्यायचं, सगळं कागदावर असलं की डोकं मोकळं राहतं.

घरमालकाच्या बाबतीत मात्र डोकं कधीच मोकळं राहिलं नाही. पाच वर्षं मी त्यांच्या घरात राहिले. नंतर माझी बदली झाली, तेही वारले. शहाणा म्हातारा या रकान्यात त्यांना टाकावं की नुसता हट्टी या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाव साकोली तालुक्यातलं, सानगडीच्या बाजाराला सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावरचं. मी बुलढाण्याकडची, विहिरींच्या मुलखातली. पाणी म्हणजे वाकून खाली पाहायची गोष्ट, एवढंच मला माहीत. इथे मागचं दार उघडलं की पाणी समोर आडवं पसरलेलं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोह आणि आंबे, पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. घराची नाली सरळ तलावाला मिळायची, म्हणून ती अट. भाताची पेज, अंघोळीचं उरलेलं ऊन पाणी, चहाचं भांडं विसळलेलं, सगळं आधी बादलीत निववायचं आणि मग ओतायचं. एक बादलीभर पाण्याने एवढ्या मोठ्या तलावाचं काय होणार, असं मी विचारलं तेव्हा घरमालक शांतपणे म्हणाले, "तलावाले पयलेच ताप हाये, बाई. त्याच्यात आपून कायले भर टाकाची?"

मला वाटलं, ताप म्हणजे त्रास. गाळ, बेशरमची झुडपं, कपडे धुणं, असलं काही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना पाळीवर बसून थर्मामीटर झटकताना पाहिलं, तेव्हा कळलं की ते शब्दशः बोलत होते.

सत्तरीच्या पुढचे, उंच, बांबूसारखे सरळ. सून त्यांना इकडच्या रीतीने मामाजी म्हणे. गल्लीतल्या बाकीच्या सुनाही मामाजीच म्हणायच्या, त्यांच्यावरून पोरांनी उचललं, आणि हळूहळू ते सगळ्या गावाचे मामाजी झाले. मीही तेच म्हणू लागले. थर्मामीटर काचेचा, पाऱ्याचा, काखेत लावायचा. दवाखान्यात बॅटरीवरचे आले तेव्हा नर्सबाईंकडून त्यांनी जुना मागून घेतला होता. त्याला मासोळीच्या जाळ्याचा दोरा बांधून ते तो पाण्यात सोडत, तीनशेपर्यंत मोजत, वर काढत आणि डोळ्यांजवळ धरून वाचत. पारा चौऱ्याण्णवच्या खाली असला की वहीत लिहीत, 'ताप नाही.' वर असला की आकडा.

हा माणसांसाठी असतो, चौऱ्याण्णवच्या खालचं त्याला काही दिसतच नाही, असं मी त्यांना सांगितलं. भंडाऱ्याला गेले तेव्हा प्रयोगशाळेत वापरतात तसला लांब थर्मामीटर आणूनही दिला. त्यांनी तो दोन दिवस वापरला आणि कागदात गुंडाळून परत केला. म्हणाले, हा लबाड आहे. पाण्यात एक सांगतो, वर काढेपर्यंत दुसरंच. काखेतला मात्र झटकेपर्यंत आपल्या शब्दावर ठाम राहतो. त्यांच्याशी वाद घालताना असं व्हायचं: बोलणं चुकीचं आहे हे दिसत असायचं, पण चूक नेमकी कुठे आहे ती सापडायची नाही.

तलावाच्या तळाचं पाणी मोजायची त्यांची पद्धत आणखी वेगळी. एका बाटलीला दगड बांधायचा, बुचाला दुसरा दोरा. बाटली तळाशी टेकली की दुसऱ्या दोऱ्याला हिसका द्यायचा, बूच निघतं, बाटली भरते. मग दुसऱ्या बाटलीत वरवरचं पाणी घ्यायचं, दोन्ही पाळीवर शेजारी ठेवायच्या आणि जो कोणी दिसेल त्याला हाक मारायची. बकऱ्या चारणारा असो, एस.टी.ची वाट पाहणारा पाहुणा असो की पाहणीला आलेला साहेब, बोट बुडवून सांगायचंच, खालचं पाणी कोणतं. बहुतेकांना ओळखता येई. मलाही आलं. वैशाखाच्या दुपारी वरचं पाणी चहा निवावा तसं होतं, आणि खालच्यात बोट घातलं की बरं वाटत होतं. त्याला थोडा कुजका वास होता. मी तसं म्हणालेही. ते म्हणाले, "गाराचा वास हाये. गार म्हंजे तलावाचं अंथरून. वास येनारच."

त्यांच्या बोलीत ळ चा र होत असे. गाळाचा गार, मासोळीची मासोरी. सुरुवातीला मला वाटलं, गार म्हणजे थंड. असे घोटाळे आमच्यात रोजचे.

हे खालचं आणि वरचं पाणी त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते मला सुनेकडून कळलं. त्यांच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या पाणी वाटायचं काम होतं. अशा माणसाला इकडे पाणकर म्हणतात. जुन्या तलावांना पाणी सोडायला दगडी तुडुम असायचं. पाळीला लागून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकात लाकडी डट्टा. पाणकराने सर्वांत वरचा डट्टा आधी काढायचा. पाणी त्याच्याखाली उतरलं की दुसरा, मग तिसरा. म्हणजे धानाला नेहमी वरचं, उन्हाने तापलेलं पाणी जायचं आणि खालचं थंड पाणी शेवटपर्यंत तलावात राहायचं. मध्ये कधीतरी दुरुस्ती झाली, तुडुम गेलं, तळाशी लोखंडी गेट आलं. चाक फिरवलं की पहिल्यांदा खालचंच पाणी बाहेर. मामाजींचं म्हणणं असं की तलावाचा ताप त्या दिवसापासून उतरत नाही. थंड पाणी आपण काढून घेतो आणि तापलेलं त्याच्या अंगावर ठेवतो. वर ऊन दरवर्षी वाढतंय ते वेगळंच.

ऊन खरंच वाढतंय का, हे पाहायला मी त्यांच्या वह्या मागितल्या. पंधरा-सोळा वह्या निघाल्या. मला फार आनंद झाला. तलावाला वर्षाचा पहिला ताप कधी येतो, एवढं काढलं तरी पुरे, एका कागदावर तक्ता होईल आणि प्रश्न मिटेल, असं वाटलं. पण सगळ्या तारखा तिथीने लिहिलेल्या. फाल्गुन वद्य पंचमी, चैत्र शुद्ध नवमी. मध्येच अधिक महिना आला की सगळं महिनाभर सरकलेलं. दोन रविवार जुन्या दिनदर्शिका घेऊन बसले, एकेक तिथी तारखेत बदलली. शेवटी जे आलं ते असं: अलीकडे ताप लवकर येतो असं दिसतं, पण मध्येच एखादं वर्ष सगळ्यांच्या उलट. आणि दोन वर्षं त्यांना डोळ्यांचा त्रास होता, तेव्हा सुनेने वाचून सांगितलं आणि तिला पारा दिसायचाच नाही. मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पाहिलासुद्धा नाही. एवढा हिशोब कशाला, बाजारात जाऊन टोपली पाहा, म्हणाले.

ते स्वतः तसंच करायचे. सानगडीच्या बाजारात मासळीवाल्या बायांसमोर उकिडवे बसून ते टोपल्या पाहत आणि ज्या मासोळ्या दिसत नाहीत त्यांची नावं घेत. डाडक नाही का? अमकी नाही, तमकी नाही? रोहू आणि कतला बघून ते खूश होत नसत. त्या मासेमारी सोसायटीने बीज आणून सोडलेल्या, म्हणून पाहुण्या. घरच्या कुठे गेल्या, असं त्यांना विचारायचं असे. एकदा एका म्हातारीने वैतागून सांगितलं की मामाजी, घ्यायचं नसेल तर उठा, तुमच्या सावलीनं माझी मासोळी नासते. ते उठले आणि ऊन कुठून येतं ते पाहून दुसऱ्या बाजूला बसले.

आता ज्या उन्हाळ्याचं सांगायचं आहे तिकडे येते. पण त्याआधी माझी एक चूक सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

रुजू झाले त्या महिन्यात तालुक्याहून पत्र आलं: हद्दीतील मामा तलावांची यादी पाठवा आणि पाळीवरील झुडपे काढण्याबाबत कळवा. मामा म्हणजे माजी मालगुजारी. जुन्या मालगुजारांच्या वेळचे तलाव, आता सरकारी. भंडारा जिल्ह्यात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं. मी गावात एकाला विचारलं, इथला मामा तलाव कोणता? तो म्हणाला, हा काय, मामाजी बसले आहेत तोच. मी यादीत मालकाच्या रकान्यात घरमालकांचं पूर्ण नाव लिहिलं आणि शिक्क्यानिशी नोटीस काढली: 'आपल्या मालकीच्या तलावाच्या पाळीवरील बेशरमची झुडपे आठ दिवसांत काढून टाकावीत.'

त्यांनी नोटीस घेतली, पोच दिली. मग आठ दिवस रोज सकाळी कोयता घेऊन ते एकटे पाळीवर गेले. नवव्या दिवशी ऑफिसात कागद आणून दिला: 'काढली.' खाली सही. मी तो फायलीला लावला. पहिल्याच नोटिशीचं एवढं चोख पालन पाहून गाव चांगलं आहे असं वाटलं. गावाने ही गंमत महिनाभर चाखली. मला ती तालुक्याच्या बैठकीत कळली, साहेबांनी यादी मोठ्याने वाचली तेव्हा. परत येऊन मी मामाजींना विचारलं की तुम्ही सांगितलं का नाही. त्यांचं उत्तर असं की तुम्ही विचारलं नव्हतं, काढायला सांगितलं होतं. यादी मी दुरुस्त केली. नोटीस रद्द करायचं पत्र काढायचं राहून गेलं.

तर तो उन्हाळा. तलावाखाली बऱ्याच जणांनी उन्हाळी धान लावलं होतं. धान पोटरीत आलं आणि शेवटची दोन पाणी हवी होती. गोपाळभाऊ नावाच्या शेतकऱ्याची बांधी पाटाच्या अगदी शेवटाला, त्यामुळे सर्वांत जास्त घाई त्याला. दुसरीकडे मासेमारी सोसायटी. तिची अध्यक्ष देवकाबाई. सोसायटीत सगळी ढिवरांची, म्हणजे मासेमारांची घरं, आणि तलावातली मासोळी हेच त्यांचं वर्षाचं पीक. गेट उघडलं तर डबकं उरेल आणि डबक्यात मासोळी शिजून मरेल, असं तिचं म्हणणं. गेटच्या चाकाची चावी माझ्या कपाटात. ग्रामपंचायतीत बैठक बोलावली. मी विषयांची यादी केली होती. पहिल्याच विषयावर मामाजी उभे राहिले आणि धोतराच्या कनवटीतून प्लास्टिकमध्ये घातलेली माझी नोटीस काढली.

"तलाव माह्या मालकीचा हाये," ते म्हणाले. "बाईनं लिवून देल्लं, शिक्क्यासकट. गेट उघडाची माही परवानगी नाही."

सगळे हसले. गोपाळभाऊ हसला नाही. "मालक असान तं तलावाचे मच्छर बी तुमचेच जी," तो म्हणाला. "सारी रात डसतेत. पयले थे बांधून ठेवा, मंग गेटाचं बोला."

एका वाक्यात मी तो कागद रद्द करू शकत होते. केला नाही. माझ्या बोटाला ते खालचं थंड पाणी आठवत होतं, आणि खरं सांगायचं तर चावी कोणाला द्यायची हे ठरवायची वेळ टळत होती. मी एवढंच विचारलं की मामाजी, धान वाळू द्यायचं का? ते म्हणाले, नाही, धानाला पाणी द्या, पण वरचं द्या. मग कसं तेही त्यांनी सांगितलं. पाळीवर इंजिनं मांडायची. पंपाच्या पाइपाला खाली जो फूट-व्हॉल्व्ह असतो, ज्याला सगळे फुटबॉल म्हणतात, तो तळाशी न सोडता रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनला बांधायचा, म्हणजे तो वरच तरंगेल आणि हातभर खोलीवरचंच पाणी ओढेल. तुडुमाचं काम इंजिनाने करायचं. गेटाला हात नाही.

दोन दिवसांत चार इंजिनं लागली. कोणाची बारी कधी, याचा तक्ता मी केला आणि पाळीवरच्या आंब्याला टांगला. धानाला ऊन पाणी मिळालं, तलाव हळूहळू वरून उतरत गेला, खालचं पाणी जागच्या जागी राहिलं. मामाजी रोज दोन बाटल्या भरत. मला वाटलं, एक काम नीट झालं.

पुढचे तीन आठवडे पान हललं नाही. सकाळी आठलाच डोळे चुरचुरत. तलावावर रंग ओतावा तशी हिरवी साय आली. काखेतला पारा रोज चढता. मग एका संध्याकाळी वादळ आलं, पावसाशिवाय. धूळ, पाचोळा, आणि तलावात चक्क लाटा. तासाभरात ते निघून गेलं. गार वाटलं. सगळ्या गावाला त्या रात्री चांगली झोप लागली.

उजाडताना सुनेने माझं दार वाजवलं. पाळीवर गेले तर तलावभर मासोळ्यांची तोंडं. रोहू, कतला, लहान, मोठ्या, सगळ्या पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करत होत्या. आवाज येत होता, हजारो माणसं एकदम घोट घेतायत असा. कडेला पांढरी पोटं तरंगायला लागली होती. मामाजी कमरेपर्यंत पाण्यात उभे होते. हातात थर्मामीटर. त्यांनी तो माझ्याकडे केला. पारा हललेला नव्हता.

"ताप उतरला, बाई," ते म्हणाले. "वरतं बी नाही, खालतं बी नाही. मंग काहून मरून राहिल्या?"

माझ्याकडे मत्स्य विभागातल्या एका तरुण बाईंचा नंबर होता. लावला. त्यांनी जास्त काही विचारलं नाही. पाणी उडवा, म्हणाल्या, हवेतून पडू द्या, जमेल तितकं, जमेल तिथून, मी निघते. मी फोन ठेवला आणि इंजिनांकडे पाहिलं. चारही पाइपांची तोंडं पाटाकडे. पाटाच्या शेवटाला गोपाळभाऊची बांधी. तक्त्याप्रमाणे त्या दिवशी चारही इंजिनं त्याची होती, आणि त्याच्या धानाचं ते शेवटचं पाणी होतं. तो तिथेच उभा होता, डिझेलचा कॅन घेऊन. मी त्याला फोनवरचं सांगितलं.

"आजची बारी माही हाये," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो, तुमची आहे.

तो पाण्याकडे पाहत राहिला. देवकाबाई आणि सोसायटीच्या बाया तोपर्यंत आत शिरल्या होत्या, पातेली, परात, जे हाती आलं त्याने पाणी वर उडवत होत्या. कोणी त्याच्याकडे वळून काही मागितलं नाही. मग त्याने मासोळ्यांना, वादळाला आणि मला मिळून एक शिवी दिली, पाइप खांद्यावर घेतला आणि तोंड उलटं फिरवून तलावावर धरलं. बाकीच्या तीन इंजिनांपाशी जे होते त्यांनी त्याचं पाहून धरलं. चार जागी पाणी उंच उडून पडायला लागलं. थोड्या वेळाने मासोळ्या त्या चार जागांकडे सरकताना दिसल्या, जणू कोणी बोलावलं. ज्या सरकू शकत होत्या त्या.

अकराच्या सुमाराला त्या विभागातल्या बाई आल्या. त्यांनी एका उपकरणाने पाणी तपासलं आणि पाळीवर बसून आम्हाला समजावलं. वारा नसला की तापलेलं पाणी दुधावरच्या सायीसारखं वर पसरून राहतं, खालच्याला हवा लागू देत नाही. खाली गाळ कुजत असतो, तो तिथला प्राणवायू खाऊन टाकतो. म्हणून खालचं पाणी थंड असतं, पण त्यात श्वास नसतो. त्याला वास येतो. वादळाने दोन्ही पाणी ढवळून एक केलं आणि सगळ्या तलावाचा श्वास गेला. ऊन जितकं वाढेल तितकं हे जास्त वेळा होईल, त्या म्हणाल्या. गरम पाण्यात मुळात प्राणवायू कमीच मावतो. मी विचारलं, मग खालचं पाणी आम्ही आधीच गेटातून सोडायला हवं होतं का? त्या म्हणाल्या, कदाचित थोडं. पण सोडलं असतं तर तलाव उथळ झाला असता आणि उथळ पाणी आणखी तापतं. नक्की सांगता येणार नाही.

मामाजी थोडे दूर बसून ऐकत होते. अंगावरचं ओलं धोतर तसंच वाळलेलं. ते उठले आणि देवकाबाईसमोर जाऊन उभे राहिले. ती मेलेली मासोळी टोपल्यांत भरत होती. सोळा टोपल्या झाल्या होत्या. मी मोजत होते, कारण दुसरं काय करावं सुचत नव्हतं.

"देवके," ते म्हणाले, "खालचं पानी मीनं ठेवाले लावलं. थंड हाये म्हून. त्याच्यात दम नव्हता, थे मले समजलं नाही." मग टोपल्यांकडे पाहून, "माहा बाप उन्हारा लागाच्या पयले सर्वात खालचा डट्टा काढे. घडीभर. कारं पानी निंगे, मंग पुन्हा ठोकून टाके. मी बाजूले उभा राहो. काहून काढते, मीनं इचारलंच नाही."

देवकाबाईने हातातली मासोळी टोपलीत टाकली. मला वाटलं, आता ती बोलेल ते बोलेल, तिला तो हक्क आहे.

"थे मले नाही समजत, मामाजी," ती म्हणाली. "गेट उघडलं असतं तं आज उडवाले पानी कुठून आनलं असतं?"

ते वळून माझ्याकडे आले. त्या दिवसापर्यंत त्यांनी माझं मत कधी विचारलं नव्हतं, स्वतःचंच सांगितलं होतं. "बाई," ते म्हणाले, "देवका म्हनते थे बरोबर हाये का?"

मी मनात दोन बाजू मांडायला लागले. उघडलं असतं तर काय, नसतं तर काय. एका बाजूला कुजकं पाणी गेलं असतं, दुसऱ्या बाजूला तलाव गेला असता. थोडंच उघडलं असतं तर? किती थोडं? घडीभर म्हणजे किती? बापाच्या वेळचं ऊन वेगळं, गाळ वेगळा, भोक वेगळं. बेरीज कुठेच येईना.

"माहीत नाही, मामाजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, मग पाळीच्या टोकाला जाऊन गोपाळभाऊला हाक मारून सांगितलं की इंजिन इतक्यात बंद करू नको, ऊन अजून चढायचं आहे.

"डिझेल माह्या घरचं हाये जी," गोपाळभाऊ म्हणाला, आणि दुसरा कॅन उघडून टाकीत ओतायला लागला.